जूनच्या आधीचा आकडा

सरकारी कॉलेजच्या फी-सवलत विभागात दुपारी एक ते दीड या वेळात कुणी माणूस सापडला तर त्याला बक्षीसच द्यायला हवं. सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत जातात, खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लागते आणि ती दोन वाजेपर्यंत कशी टिकते हे विचारायची कुणाची छाती होत नाही. एप्रिल महिन्यात मात्र त्या वेळी तीन नंबरच्या टेबलावर एक बाई असायच्या. डबा अर्धा उघडा, समोर अर्जांचा गठ्ठा आणि डाव्या कानाला टेलिफोन.

त्यांना सगळे आकडेबाई म्हणायचे. चोवीस वर्षं एकाच टेबलावर बसल्यावर खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरतं. बाई अर्ज हातात घ्यायच्या, घरचं उत्पन्न, खाणारी तोंडं, शिकणारी मुलं आणि परीक्षेतले गुण असं वरून खाली वाचायच्या आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायच्या, शेकडा साठ. म्हणजे साठ टक्के फी माफ. पुढे तो अर्ज कॉम्प्युटरमध्ये जायचा, समितीपुढे जायचा, त्यावर सह्या व्हायच्या आणि जूनमध्ये छापील पत्र निघायचं. त्यातही साठच असायचे. कॉम्प्युटर नवीन आला तेव्हा विभागाच्या साहेबांनी बाईंशी शर्यत लावली होती. चाळीस अर्जांत एकाच ठिकाणी फरक निघाला. तपासलं तर वडिलांचं वय उत्पन्नाच्या रकान्यात पडलं होतं, आणि रकाना भरणारे साहेबच होते.

आता एप्रिलच का, ते सांगायला हवं. बाहेरच्या राज्यांतली कॉलेजं मोठी चलाख. हुशार पोरांना ती एप्रिलमध्येच पत्रं पाठवतात: तुमची एवढी फी माफ, होस्टेलचं असं असं, पंधरा दिवसांत कळवा. आपल्याकडचं पत्र येणार जूनमध्ये. मधले दोन महिने बापाने काय करायचं, आकाशाकडे बघत बसायचं? तो हातातलं पत्र धरतो आणि पोराची बॅग भरतो. राज्यातल्या पहिल्या पन्नास मुलांतली तीस-तीस मुलं अशी निघून जायची. सरकारला याची फार काळजी वाटली, म्हणून सरकारने पोस्टर छापलं. पोस्टरवर पुस्तक छातीशी धरलेली एक हसरी मुलगी होती आणि खाली 'इथेच शिका, इथेच फुला' असं लिहिलं होतं. ती मुलगी जाहिरात कंपनीने बाहेरून आणली होती. पत्र दोन महिने आधी पाठवावं हे काही कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर त्यासाठी तीन खात्यांना एकदम जागं करावं लागलं असतं.

ही सगळी भानगड आकडेबाईंना बाहेरून कळलेली नव्हती. ती त्यांच्या घरात घडली होती.

सोळा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा त्या पन्नासात होता. बाहेरच्या कॉलेजचं पत्र आलं, शेकडा सत्तर माफ. पोराने विचारलं, "आई, इथे किती मिळतील गं?" घरातल्या माणसाचा अर्ज बाईंच्या हाताखालून जात नसे, तसा नियमच होता. पण स्वतःच्या घरचा आकडा काढायला अर्ज कशाला हवा? त्यांना तो भाजी चिरता चिरता कळला होता. नव्वद. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये पत्र येईल तेव्हा कळेल."

"अगं, सांग की त्याला," नवरा म्हणाला. "इथे कोण ऐकतंय?"

"मंजुरीच्या आधी आकडा सांगायचा नाही, असं लेखी आहे."

पोरगा गेला. जूनमध्ये पत्र आलं, शेकडा नव्वद. पोरगा फोनवर हसला. "जाऊ दे गं, इथे आता मित्र झालेत." मग तिथेच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नात दर रविवारी पडद्यावरून हात हलवते आणि आजी काही विचारायला लागली की पळून जाते. बाईंनी नियम पाळला याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नाही आणि कुणी बोलही लावला नाही. नवऱ्याने तर तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

पुढच्या एप्रिलपासून बाई एक वाजता फोन घेऊन बसायला लागल्या. पहिल्या पन्नासातल्या एकेका घरी. "मी कॉलेजातून बोलतेय. मंजुरी झालेली नाही, लिहून देणार नाही, पण तुमचं गणित सांगते." आणि आकडा सांगायच्या. समोरच्याला आधी खरं वाटायचं नाही, मग तो दोनदा विचारायचा, मग बायकोला हाक मारायचा. जूनमध्ये पत्र आलं की तोच आकडा. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही हे घराघरातल्या माणसांना न सांगताच समजायचं. पंधरा वर्षांत एकही आकडा चुकला नाही. पन्नासातली तीस जायची ती हळूहळू बारा-तेरावर आली आणि वार्षिक अहवालात त्याचं सगळं श्रेय पोस्टरला मिळालं.

सोळाव्या एप्रिलला एक अर्ज आला. मुलगी राज्यात पहिली. वडील जळालेल्या मोटारी-पंख्यांचं वाइंडिंग करणारे. थोरला भाऊ याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. एका घरातली दोन मुलं कॉलेजात असली की घरचं उत्पन्न दोघांत वाटून धरायचं, हा जुना नियम. बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, ऐंशी, आणि फोन लावला.

"बाहेरून साठ आलेत, मॅडम," पलीकडून वाइंडिंगवाले बोलत होते. "होस्टेल वेगळं. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. पोरगी म्हणते इथेच राहते, पण मी कशाच्या भरवशावर नाही म्हणू त्यांना?"

"इथे ऐंशी बसतात, दादा. मंजुरी नाही हं अजून. हे गणित आहे."

"गणित चुकलं तर?"

"चुकत नाही," बाई म्हणाल्या.

वाइंडिंगवाल्यांनी एकोणीस तारखेला बाहेरची जागा सोडली. ती जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असणार, पहिल्या नंबरची जागा काही ओस पडत नाही.

मे महिन्याच्या मध्यावर वरून एक परिपत्रक आलं. दीड पान. त्यातल्या दुसऱ्या पानावर, सही-शिक्क्याच्या जरा वर लिहिलं होतं की दोन मुलांत उत्पन्न वाटून धरण्याची पद्धत या वर्षीच्या नव्या प्रवेशांपासून बंद. बाईंनी ते वाचलं आणि तो अर्ज काढला. एकदा गणित केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरचं कॅल्क्युलेटर मागून घेतलं. शेजारणीला आश्चर्य वाटलं, कारण बाईंनी आजवर कॅल्क्युलेटर मागितलं नव्हतं. चाळीस आले. चाळीसवर त्या घराला मुलगी शिकवणं शक्य नव्हतं आणि बाहेरची जागा तर बाईंच्याच शब्दावर गेली होती.

हे फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. रविवारी सकाळी बाई बस धरून पत्ता शोधत गेल्या.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. भिंतीवर तारेला टांगलेले पंख्यांचे गाभे, वार्निशचा नाकात बसणारा वास, कोपऱ्यात तांब्याच्या तारेची रिळं. वाइंडिंगवाले हाताने मशीन फिरवत ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होते. दारात माणूस उभं आहे हे दिसूनही त्यांनी मान वर केली नाही. मोजणी तुटली तर सगळी गुंडाळी उलगडावी लागते, हे बाईंना सांगावं लागलं नाही. त्या उभ्या राहिल्या. एकशे ऐंशीला हात थांबला.

"या. पंखा आणलाय?"

"मी कॉलेजातून आलेय, दादा."

त्या माणसाने फक्त आवाज ऐकला होता, पण तो लगेच ओळखला. त्याचा चेहरा इतका उजळला की बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने स्टूल पुसलं, आत हाक मारली, "अगं, ताई आल्यात! फोनवाल्या!" बायको, मुलगा, मुलगी, सगळे बाहेर आले. चहा टाकायला निघालेल्या बायकोला बाईंनी थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसून सांगायची हिंमत नव्हती.

मुलीने विचारलं, "काकू, गणित कुठे चुकलं?"

"गणित बरोबर होतं गं. नियम बदलू शकतो हे मी धरलंच नाही. चुकले ती मी."

"मी एक वर्ष थांबतो," भाऊ म्हणाला. "दुकानात बसतो. नाहीतरी बाबांना एकट्याने होत नाही."

"तू गप बस," वाइंडिंगवाले म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"कुणी थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी ऑफिसला लेखी देते, की आमच्याच फोनवरून तुम्हाला ऐंशी सांगितले आणि म्हणून तुम्ही बाहेरची जागा सोडली. मग ऑफिसला ते पाळावं लागेल."

"आणि तुमचं काय होईल, ताई?"

"माझी दोन वर्षं उरलीत. काय करणार आहेत मला?"

दोन वर्षं उरलेल्या माणसाचं काय काय करता येतं ते वाइंडिंगवाल्यांना ठाऊक होतं. त्यांचा सख्खा मेहुणा अशाच एका चौकशीत अडकून निम्म्या पेन्शनवर घरी बसला होता. पण हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

सोमवारी बाईंनी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला, उठून दार लावलं आणि पुन्हा वाचला.

"बाई, हा फाडून टाका. मी बघितला नाही."

"बघा, साहेब."

"किती वर्षं करताय हे?"

"पंधरा झाली. ही सोळावी."

साहेबांनी मागच्या कपाटातून दोन-तीन वार्षिक अहवाल काढले, पानं उलटली, राहिलेल्या मुलांचे आकडे बघितले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्या आकड्यांवर त्याने बरीच भाषणं केली होती. "म्हणजे हे..." एवढंच म्हणून त्यांनी अहवाल मिटले.

तिघांची समिती बसली. साहेब अध्यक्ष, बरोबर एक प्राध्यापक आणि एक हिशेब तपासणीस. बाई सांगतात ते खरं कशावरून, म्हणून घरी फोन लावायचं ठरलं. बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. दहा मिनिटांत साहेब बाहेर आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"सुटलात तुम्ही. मुलीचे वडील म्हणाले, आम्हाला कुणाचा फोनबिन आला नाही, आमचं आम्ही ठरवलं. तुमचा कागद दफ्तरी दाखल. विषय संपला."

बाईंना पहिल्यांदा काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्या अशा संतापल्या की साहेब दोन पावलं मागे सरकले. अर्धी रजा टाकून त्या तडक बसस्टॉपवर गेल्या.

वाइंडिंगवाले तारेचं टोक सँडपेपरने घासत बसले होते. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत.

"खोटं का बोललात?"

ते घासत राहिले.

"दादा, मी तुमच्याशी बोलतेय! पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करताय तुम्ही, कळतंय का?"

"पोरगा थांबतोय वर्षभर."

"आणि पोरगी काय म्हणाली?"

"ती बोलत नाही माझ्याशी." त्यांनी सँडपेपर खाली ठेवला. "ताई, माझा मेहुणा असाच गेला. शेवटच्या वर्षी कागद निघाला त्याच्या नावाचा. आता त्याची बायको शिवणकाम करते. तुमची पेन्शन घेऊन मी पोरगी शिकवू? नाही जमायचं मला. माझा हात नाही उठणार त्याला."

बाईंचा राग त्या वाक्याने उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. त्या स्टुलावर बसल्या. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या वार्निशच्या वासात, जेमतेम दुसऱ्यांदा भेटलेल्या माणसाला सांगितलं. भाजी चिरताना कळलेला नव्वदचा आकडा, मुलाचा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं.

"तेव्हा मी माझी नोकरी सांभाळली," त्या म्हणाल्या. "अगदी डाग न लागता सांभाळली. त्याच नोकरीची ही पेन्शन. ती पुरी मिळाली तर घरी आम्ही दोघंच बसून खाणार आहोत ती. तुम्ही माझ्यावर उपकार करताय असं वाटतंय तुम्हाला. पण ही पोरगी घरी बसली तर मी ते कसं सोसू, सांगा ना."

आतल्या दारात मुलगी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती म्हणाली, "बाबा, शर्ट बदला. आपण जाऊ या."

"आत्ता?"

"काकू नेतील तेव्हा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघं समितीपुढे होती. वाइंडिंगवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नखांतलं वार्निश काही निघालं नव्हतं. त्यांनी ते हात टेबलाखाली ठेवले.

"काल फोनवर तुम्ही नाही म्हणालात," हिशेब तपासणीस म्हणाले. "आज हो म्हणताय. यातलं खरं कुठलं?"

"आजचं."

"मग काल खोटं का बोललात?"

वाइंडिंगवाल्यांनी मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे. "साहेब, पोराच्या प्रवेशापासून मी या ऑफिसच्या खेपा घालतोय. खिडकीवर विचारलं की जूनमध्ये या. जूनमध्ये आलो की साहेब मीटिंगमध्ये. या ऑफिसातून आपणहून फोन करून माझ्याशी बोललेलं एकच माणूस आहे. त्याला मी माझ्या तोंडाने बुडवू?"

प्राध्यापकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काय बोलणं झालं होतं ते नीट सांगा," शेवटी साहेब म्हणाले.

"अठरा एप्रिल. दुपारी सव्वा वाजता. ऐंशी बसतात म्हणाल्या. मंजुरी नाही, हे गणित आहे, असंही म्हणाल्या. मी विचारलं, गणित चुकलं तर? तर म्हणाल्या..." ते अडखळले.

"चुकत नाही, असं म्हणाले मी," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या ते."

आठ दिवसांनी आदेश निघाला. मुलीला शेकडा ऐंशी, चारही वर्षं, कार्यालयाची जबाबदारी म्हणून. आणि आकडेबाईंना लेखी ताकीद, एक वेतनवाढ कायमची बंद, बाहेर फोन करण्यास मनाई. वेतनवाढ गेली म्हणजे पेन्शनही तेवढी कमी झाली, जन्मभरासाठी. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला आदेश वाचून दाखवला. नवऱ्याने चष्मा काढून पुसला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्या दोन शब्दांवर बाई ढसाढसा रडल्या. सोळा वर्षांचं साठलेलं होतं ते.

वर्ष गेलं. मुलगी कॉलेजात रमली. बाई टेबलावर असायच्या, पण त्यांच्या टेबलावरचा फोन उचलून नेला होता. पुन्हा एप्रिल आला. बाहेरच्या कॉलेजांची पत्रं निघाली असणार, पन्नास घरांत माणसं तारखा मोजत बसली असणार, हे बाईंना बसल्या जागी कळत होतं आणि हातपाय बांधल्यासारखं होत होतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर पन्नास अर्ज होते.

"पत्रं एप्रिलमध्ये काढा म्हणून मी वर चारदा लिहिलं," साहेब म्हणाले. "पोच आली, उत्तर नाही. माझ्या खुर्चीला फोनची मनाई नाही. तुम्ही गणित सांगा, फोन मी करतो. माझ्या नावावर."

बाईंनी पहिला अर्ज ओढला. वरून खाली वाचला. पूर्वी पाव मिनिट लागायचं, आता त्या दोनदा वाचत होत्या. परिपत्रकांची फाइल मागवली, तीही शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "पासष्ट."

साहेबांनी रिसीव्हर उचलला.

"थांबा, साहेब. आकडा सांगितल्यावर अजून एक सांगायचं. हे चुकू शकतं, आणि चुकलं तर मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगेन."

"कुणाच्या घरी?"

"ज्यांना फोन कराल त्यांच्या."

"पन्नास घरं आहेत, बाई."

"मग ते जमणार नसेल तर फोन ठेवा."

साहेब रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. त्यातून येणारा बारीक आवाज बाईंनाही ऐकू येत होता. मग साहेबांनी दुसऱ्या हाताने अर्ज स्वतःकडे वळवला आणि चष्मा खाली ओढला.

"यात पत्ता कुठे लिहिलेला असतो?"